उरलेली चार मिनिटं

सँडरिंगहॅमच्या किराणा दुकानात शनिवारी सकाळी रांगेत उभं राहायचं, म्हणजे अर्धा तास कुठे गेला ते विचारायचं नाही. पुढच्या बाई कढीपत्त्याची एकेक काडी पारखून घेत होत्या, बाहेर ऑकलंडचा पाऊस लहर लागेल तसा येत होता आणि थांबत होता, आणि मधुवंती हातात थालीपिठाच्या भाजणीचं पाकीट घेऊन गुणगुणत होती. आपण गुणगुणतोय हे तिला ठाऊक नव्हतं. ते तिला कधीच ठाऊक नसायचं.

धून नेहमीचीच... सात मात्रांची. बोटं पाकिटावर ताल धरत होती. धून चढत चढत वर गेली आणि नेहमीच्या जागी थांबली.

थांबली, पण तिच्यापुरतीच. कारण मागून कुणीतरी पुरुषी आवाजात तीच धून अलगद उचलली आणि पुढे न्यायला सुरुवात केली.

मधुवंती गर्रकन वळली. "प्लीज, पुढे नको," ती म्हणाली आणि भाजणीचं पाकीट तिने चक्क कानावर दाबून धरलं.

मागे एक उंच, भिजलेल्या केसांचा तरुण दोन्ही हातांत एकेक नारळ घेऊन उभा होता. तो गप्प झाला. मग जरा वाकून, हळूच म्हणाला, "इतकं वाईट गातो मी?"

"गाण्याचा प्रश्न नाहीये. मला पुढचं ऐकायचं नाही."

"म्हणजे पुढचं काय ते तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. आणि माहीत करून घ्यायचंही नाही."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला उगाचच आपले केस नीट करावेसे वाटले. एका हातात भाजणी आणि दुसऱ्यात कोथिंबीर होती, म्हणून ते राहून गेलं.

"मिलर्स विंटर," तो म्हणाला. "एकोणीसशे त्र्याहत्तर. आठ वर्षं झाली मला या देशात, पण तो अल्बम गुणगुणणारं मराठी माणूस... तेही भाजणी घेताना..."

मधुवंतीला इथे येऊन नऊ वर्षं झाली होती आणि तिलाही असं माणूस भेटलं नव्हतं. इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातली पाच पोरं, त्यांच्या बँडचं नाव टोलगेट फेअर. जत्रेत वाजतात तशी बासरी, फिडल आणि मँडोलिन त्यांनी घेतली, त्यांना इलेक्ट्रिक गिटार आणि ऑर्गन जोडलं, आणि एका हिवाळ्याची गोष्ट गाण्यांतून सांगितली. वारा पडलाय, पवनचक्की बंद आहे, आणि गिरणीवाला वाऱ्याची वाट बघतोय. बस, एवढीच गोष्ट. पण ती ज्याला लागते त्याला जन्मभर सोडत नाही.

दोघांचं सामान पिशवीत भरून होईपर्यंत पाऊस पुन्हा सुरू झाला होता. दुकानाच्या छपराखाली जेमतेम दोघांना उभं राहता येईल एवढी जागा होती. तक्रार मात्र कुणीच केली नाही.

"आमच्याकडे टेप होती," ती सांगू लागली. "पुण्यात. बाबांनी कुणाची तरी रेकॉर्ड एका दुपारपुरती मागून आणली होती. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला आजीची भजनं होती. ती पुसायची कुणाची हिंमत. मग उरलेल्या बाजूवर पंचेचाळीस मिनिटं..."

"आणि अल्बम एकोणपन्नास मिनिटांचा."

"शेवटची चार मिनिटं नाहीतच. गिरणीवाला बासरीवर वाऱ्याला हाका मारतोय, ड्रम वाढत चाललेत, आता येणार, आता येणार... आणि खट. टेप बंद."

यतीन... नाव त्याने मघाशीच सांगितलं होतं, ठाण्याचा होता, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता... तर हा यतीन कपाळाला आठ्या घालून विचार करू लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"एक सांगू? रागवू नका. हाका मारायचं गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी आहे. तुमच्या बाबांनी आधी दुसरी बाजू टेप केली. तुम्ही लोकांनी अख्खा जन्म तो अल्बम उलटा ऐकलाय."

"काहीतरीच."

"खरंच. तुमचा शेवट म्हणजे आमचा मध्य."

मधुवंतीला राग यायला हवा होता. पण बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बाबांची चूक पकडली होती, आणि ती पकडून इतकं मनापासून हसत होतं, की तीही हसत सुटली. बाबा असते तर त्यांनीही असंच केलं असतं, हे तिला आतून कळलं.

"रविवारी या ना," यतीन म्हणाला. "तीन वाजता, इथल्याच कम्युनिटी हॉलवर. आम्ही काही जण रेकॉर्ड ऐकतो. सबंध. मध्ये कुणी बोलायचं नाही. आणि संपल्यावर प्रत्येकाने कुणाचे तरी आभार मानायचे... एकाचेच."

"कुणाचे?"

"ज्याला त्याला वाटेल त्याचे. मातुआ एरुएराचा नियम आहे."

मातुआ म्हणजे काकाच म्हणा. एरुएरा पंचाहत्तरीचा, भर थंडीत जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून फिरणारा, सगळा जन्म बंदरावर क्रेन चालवण्यात गेलेला माओरी माणूस. यतीन शिकायला आला तेव्हा त्याच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायचा. पहिल्या हिवाळ्यात नोकरी मिळेना, घरची आठवण पाठ सोडेना, आणि मराठी बोलायला भिंतीसुद्धा तयार नाहीत. तेव्हा एरुएराने काही समजूत वगैरे घातली नाही. दर रविवारी चहा करून तो 'मिलर्स विंटर' लावायचा आणि शेजारी बसून राहायचा. नोकरी लागली त्या दिवशी ती रेकॉर्ड त्याने यतीनला देऊन टाकली.

रविवारी मधुवंती गेली, जाताना डबाभर चकल्या घेऊन. एरुएराने "किया ओरा" म्हणत माओरी रीतीने तिच्या नाकाला नाक टेकवलं, आणि एक चकली खाल्ल्यावर ती आता कायमची सभासद झाली असं परस्पर जाहीर करून टाकलं.

त्या दिवशी दुसरीच कुठलीशी रेकॉर्ड होती. मधुवंतीचं काम कानांचं. ऑडिओलॉजिस्ट होती ती, दिवसभर काचेच्या खोलीत लोकांना बारीक बारीक आवाज ऐकवून कुठला ऐकू येतो ते टिपायची. पण इतके कान एकाच वेळी इतक्या आपुलकीने ऐकतायत, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. रेकॉर्ड संपली. एकाने आपल्या जुन्या शाळामास्तरांचे आभार मानले, एका बाईंनी शेजाऱ्याच्या कुत्र्याचे. मधुवंतीची पाळी आली.

"काल दुकानात एक बाई फार वेळ कढीपत्ता निवडत होत्या," ती म्हणाली. "त्यांचे."

कुणालाच काही कळलं नाही. यतीनचे कान मात्र लालबुंद झाले, आणि कानांच्या बाबतीत मधुवंतीची नजर चुकणं शक्य नव्हतं.

मग काय, रविवारामागून रविवार. हॉलवरून निघताना 'थोडं चालूया का' व्हायचं, ते थोडं भरपूर व्हायचं. चहा पिता पिता 'अहो'चं 'अरे' झालं आणि दोघांपैकी कुणीही त्याची दखल घेतली नाही. आठवड्यात मेसेज यायचे: "आज ट्रेनमध्ये सात मात्रा मोजत बसलो, स्टेशन चुकलं." आणि तिचं उत्तर जायचं: "हिअरिंग टेस्ट फुकट करून देते. डोक्याची मात्र दुसरीकडे."

पुढचं का ऐकायचं नाही, हे तिने त्याला असंच एकदा चालता चालता सांगितलं.

"टेप खट करून थांबली की बाबा पुढचं गुणगुणायचे. त्यांचंच, मनाचं. मी लहान होते ना, मला वाटायचं तोच खरा शेवट. मग सगळं एका क्लिकवर आलं, तरी आम्ही ऐकलं नाही. आमचं ठरलंच होतं. आणि दोन हजार एकवीसमध्ये बाबा गेले तेव्हा... इथल्या सीमा बंद होत्या. मला जाता नाही आलं. शेवटचा फोन झाला तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं नीट. पण ते गुणगुणले. तेवढंच. आता मी खरा शेवट ऐकला, तर त्यांचा पुसला जाईल, यतीन. मला दोन्ही लक्षात नाही राहणार."

यतीनने छत्री तिच्या बाजूला कलती केली आणि स्वतः खुशाल भिजत राहिला.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी रेकॉर्ड निवडायची पाळी यतीनची होती. त्याआधीच्या गुरुवारी तो तिच्या क्लिनिकच्या बाहेर येऊन उभा राहिला तेव्हाच त्याचा चेहरा काही वेगळं सांगत होता.

"टौरंगाला नोकरी मिळाली. बंदरावर, क्रेनच्या मेंटेनन्सची. मातुआ तर खुशीत त्यांचा तो 'हाका' नावाचा माओरी नाच करायचाच बाकी आहे. सोमवारी जॉइन व्हायचंय."

"या सोमवारी?"

"हो. आणि रविवारी मला मिलर्स विंटर लावायचाय. मला... तू तिथे असायला हवीयस, मधू."

पहिल्यांदाच मधू म्हणाला होता तो. ते नेमकं आत्ताच म्हणायला हवं होतं का?

"तुला माहितीये मी नाही येऊ शकत."

"माहितीये. म्हणूनच विचारतोय. मी दुसरी रेकॉर्ड लावू शकतो. पण मग मी निघून जाईन आणि आपण छान मेसेज पाठवत राहू. हळूहळू तेही कमी होतील. टेप जिथे थांबते तिथेच आपणही थांबायचं, असं काही ठरलंय का?"

"बाबांना मध्ये आणू नकोस," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून कडक आला. यतीनने मान हलवली, आणि तो निघून गेला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मेसेज आला नाही, गेलाही नाही. रविवारी दुपारी दोनच्या सुमारास तिने आईला फोन लावला. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेसात, सुलभाताईंच्या पहिल्या चहाची वेळ. आईला काही सांगायचं नाही असं ठरवून मधुवंतीने पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं.

पलीकडे चहाचा एक घोट ऐकू आला. मग आई चक्क हसायला लागली.

"आई, यात हसण्यासारखं काय आहे?"

"अगं, ती टेप अर्धवट कशी राहिली, हे तुला ह्यांनी कधी सांगितलंच नाही?"

"कॅसेट संपली म्हणून."

"कॅसेट संपली, पण दुसरी होती की हातात. ऐक. आम्ही सगळे त्यांचं घर बघायला गेलो होतो. बोलणी चालली होती ना लग्नाची. माझे काका घाईचे, ठरल्यापेक्षा तासभर आधीच आम्ही दारात हजर. हे आत टेप करत बसलेले. इतके गडबडले की विचारू नकोस. मला त्याच खोलीत बसवलं. जरा वेळाने खट करून टेप थांबली. हे उठले, रेकॉर्डची सुई बाजूला केली, दुसरी कोरी कॅसेट उचलली... आणि तश्शीच हातात धरून माझ्याकडे बघत बसले. मला मेलीला अवघडल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, पुढे काय आहे?"

"मग?"

"मग काय. सरळ सुई ठेवायची तर हे आपले गुणगुणायलाच लागले. लग्नानंतर कबूल केलं, पुढचं ह्यांनीही ऐकलेलं नव्हतं. सगळी थाप. त्याच संध्याकाळी रेकॉर्ड परत करायची होती, ती तशीच गेली."

मधुवंतीच्या हातातला फोन गरम झाला होता. "आई, म्हणजे ते..."

"ते त्या गाण्याचं नाहीच, बाळा. ते माझं आहे." आईने कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "तुला ऐकायला दिलं होतं इतकी वर्षं. ते कोण पुसणार आहे? तू जा आणि तुझं ते गाणं पुरं ऐक. आणि त्या मुलाला चहाला घरी बोलाव. फोटो पाठव आधी."

"तू आजवर सांगितलं का नाहीस?"

"बाप-लेकीचं काय ते चाललेलं. मी कशाला मध्ये पडू?"

फोन ठेवल्यावर मधुवंती ओट्याला टेकून रडली, मग हसली, मग पुन्हा थोडी रडली. तोंड धुऊन घड्याळ बघते तर तीनला पाच कमी. तिच्या घरापासून, माऊंट रॉस्किलहून, हॉल तसा जवळच, पण नेमके वाटेतले सगळे सिग्नल लाल.

ती पोचली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. ती दाराशीच थबकली. आत रेकॉर्ड वाजत होती, पण भलत्याच ठिकाणी आलेली. नीट लावली असती तर आता वाऱ्याला हाका मारायचं गाणं सुरू असायला हवं होतं. त्याऐवजी बर्फ वितळल्यावरचं गाणं चालू होतं. म्हणजे यतीनने दुसरी बाजू आधी लावली होती. ती येईल की नाही हे माहीत नसताना, रेकॉर्डचा क्रम बदलणं म्हणजे पाप मानणाऱ्या या माणसाने बाबांच्या क्रमाने अल्बम लावला होता.

ती मागच्या खुर्चीवर बसली. एरुएराने वळून बघितलं, रेकॉर्डकडे बोट दाखवलं, खांदे उडवले. बोलायचं नाही हा नियम त्याचाच होता, त्यामुळे बिचाऱ्याचा नाइलाज होता. यतीनने तिला पाहिलं. हसला नाही, नुसतं बघितलं, आणि तिला वाटलं की दार उघडण्याच्या आवाजाकडे तो वीस मिनिटं कान लावून बसला असावा.

बाजू उलटली. पहिली बाजू सुरू झाली, गाण्यामागून गाणं गेलं, आणि शेवटी ते आलं. बासरी हाका मारू लागली. सात मात्रा... ड्रम वाढत चालले... यतीन उठला, रेकॉर्ड प्लेअरशी जाऊन उभा राहिला. धून चढत चढत वर गेली. दुकानात मधुवंती ज्या मात्रेवर थांबली होती, नेमक्या त्याच मात्रेवर त्याने सुई अलगद उचलली.

"ही रेकॉर्ड आज इथे थांबते," यतीन इंग्रजीत सगळ्यांना म्हणाला. "आभारांची सुरुवात मी करतो. पुण्यात एक गृहस्थ होते. मी त्यांना कधी भेटलो नाही. त्यांनी हा अल्बम उलटा टेप केला, अर्धवट टेप केला, आणि तो आपल्या मुलीला ऐकवला. त्यांनी तो नीट टेप केला असता, तर त्या दिवशी रांगेत ती मला थांबवायला वळली नसती. मी त्यांचे आभार मानतो."

मधुवंती उठली. सुई जिथे उचलली होती तिथून तिने बाबांची धून पुढे नेली. साधीच होती ती. थोडी अडखळणारी, अंदाज घेत पुढे जाणारी, आवडलेल्या मुलीसमोर बसलेला माणूस जसं बोलेल तशी. आज ती पहिल्यांदाच तिला तशी ऐकू आली. मग तिने सगळ्यांना आईची गोष्ट सांगितली, कोऱ्या कॅसेटसकट. एरुएराने उघड उघड डोळे पुसले.

"माझे आभार आईला," ती म्हणाली. "तिने एक प्रश्न विचारला म्हणून. आणि यतीन... आता सुई ठेव."

त्याने ठेवली.

आणि वारा आला. वादळ नव्हतं ते. आधी एक फिडल, अगदी हलकं, मग लाकडाची करकर, मग चक्कीची पाती फिरू लागल्याची लय, आणि बासरी आता हाका न मारता त्या लयीबरोबर चालू लागली. चार मिनिटं मधुवंती डोळे मिटून बसली होती. कानावर धरायला या वेळी हातात काहीच नव्हतं, ते हवंही नव्हतं. संपल्यावर तिने मनातल्या मनात बाबांची धून चाचपून पाहिली. होती, जिथल्या तिथे होती. इतकी वर्षं आपण उगाच घाबरलो याचं तिला हसू आलं, आणि त्या खेड्यातल्या पाच अनोळखी पोरांबद्दल इतकं भरून आलं, की आजच्या दिवसाला एकाचेच आभार पुरेनात.

बाहेर पाऊस थांबला होता. यतीनच्या गाडीत खोकी भरलेली होती आणि पुढच्या सीटवर रेकॉर्डसाठी उशी ठेवलेली होती.

"टौरंगा अडीच तास," तो उगाच किल्ल्या वाजवत म्हणाला. "अल्बम तीनदा ऐकून होतो. मी मोजलंय."

"दर शुक्रवारी निघाले तर तीनदा. रविवारी परत येताना तीनदा."

किल्ल्या थांबल्या. "मधू..."

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "खूप. हे मला गुरुवारीच सांगायचं होतं, पण मी भांडत बसले."

"मी तर पहिल्या दिवशीच सांगणार होतो," यतीन म्हणाला. "पण तू कानाला पाकीट लावून उभी होतीस."

दोघं हसले. वाहत्या रस्त्यावर ती दोघं एकमेकांकडे बघत नुसती उभी राहिली. अवघडल्यासारखं झालं, तेव्हा मधुवंतीने विचारलं,

"पुढे काय आहे?"

विचारल्यावर तिच्या लक्षात आलं, हा प्रश्न कुणाचा आहे ते. त्याच्याही आलं. 'मिलर्स विंटर'चा सूर न् सूर पाठ असलेला, एकही मात्रा इकडची तिकडे न खपवून घेणारा यतीन क्षणभर घुटमळला. मग तिचा हात हातात घेऊन कुठल्याच रेकॉर्डवर नसलेलं काहीतरी गुणगुणू लागला. ते धड सुरातही नव्हतं. लोकांचे कान तपासण्यात जिचा सगळा दिवस जातो, ती मधुवंती मान किंचित कलती करून ते शेवटपर्यंत ऐकत राहिली.